पाच लक्षणे, दहा गुण

लोकलच्या दारातून पडलेला किंवा द्रुतगती मार्गावर दुचाकीवरून फेकला गेलेला जखमी घाटकोपरच्या राजावाडी वा विलेपार्ल्याच्या कूपर रुग्णालयात आणला जातो, तेव्हा पुष्कळदा पोटावर ओरखडाही नसतो. मार मुका असतो. आत मात्र प्लीहा किंवा यकृत फाटून रक्तस्राव सुरू असू शकतो. अशा रुग्णाची नाडी, रक्तदाब, शुद्ध, पोटाची तपासणी आणि अपघातानंतर गेलेला वेळ यांना गुण देऊन बेरीज करण्याची पद्धत शल्यचिकित्सकांनी विकसित केली आहे. बेरीज मोठी आली तर थेट शस्त्रक्रिया, मधली आली तर सोनोग्राफी वा सीटी स्कॅन, लहान असेल तर देखरेख. खाटेपाशी उभे राहून गुण देण्याची ही रीत वैद्यकात रुजवणाऱ्यांत अग्रणी असलेल्या डॉ. व्हर्जिनिया अॅपगार यांना स्वतःला मात्र शल्यचिकित्सक म्हणून काम करता आले नाही.

७ जून १९०९ रोजी अमेरिकेतील न्यू जर्सीत त्यांचा जन्म झाला. एक भाऊ क्षयाने गेला, दुसरा सतत आजारी. १९३३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन त्यांनी शस्त्रक्रिया विभागात उमेदवारी सुरू केली. हात कुशल होता, पण काळ मंदीचा होता. स्त्री शल्यचिकित्सकाकडे रुग्ण येणार नाहीत, या विचाराने विभागप्रमुख डॉ. अॅलन व्हिपल यांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवले. तेव्हा हे काम बहुतांशी परिचारिकांचे समजले जाई. १९३८ मध्ये त्या या शाखेच्या प्रमुख झाल्या. पुढे १९४९ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा प्रमुखपद एका पुरुषाला मिळाले. त्यांना प्राध्यापकपद मिळाले. कोलंबियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. अन्याय म्हणावा असाच हा प्रकार. पण कारभाराचा व्याप सुटल्याने त्या प्रसूतिगृहात रमल्या.

तेथे त्यांना खटकले ते वेगळेच. बाळ जन्मले की साऱ्यांचे लक्ष मातेकडे. निळसर, न रडणाऱ्या बाळाकडे पाहण्याची ठरावीक पद्धत नव्हती. जगण्याजोगी अर्भकेही त्यामुळे हातची जात. अॅपगार यांनी पाच लक्षणे निवडली: हृदयाचे ठोके, श्वसन, स्नायूंचा ताण, प्रतिक्षिप्त क्रिया आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला शून्य ते दोन गुण, जन्मानंतर एका मिनिटाने. १९५२ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली, १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली; पाचव्या मिनिटाची नोंद नंतर जोडली गेली. यंत्र नको, खर्च नको. मुख्य म्हणजे गुण लिहायचे, तर बाळाकडे पाहणे भागच पडे. हल्ली गुणांची वाट न पाहता गरज दिसताच श्वास देणे सुरू करतात, हेही येथे सांगायला हवे.

पन्नाशीत त्यांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली आणि जन्मजात व्यंगांविषयीच्या कार्याला वाहून घेतले. तंतुवाद्ये वाजवण्याचा, बनवण्याचाही त्यांना छंद होता. रुग्णालयातील टेलिफोन बूथची लाकडी फळी व्हायोलासाठी उत्तम म्हणून त्यांनी एका मैत्रिणीच्या साथीने ती रात्री चक्क पळवली होती!

७ ऑगस्ट १९७४ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच्या काही आठवडे आधीच शुद्धीला गुण देणारी ग्लासगो येथील डॉक्टरांची पद्धत प्रसिद्ध झाली होती. मुक्या माराच्या बेरजेत शुद्धीचा आकडा येतो तो तिच्यातूनच.