कापडाच्या बाळावर शिकवणारी सुईण: मादाम द्यू कुद्रे

तुमच्या घरात लवकरच बाळ येणार असेल, तर हॉस्पिटल, डॉक्टर, खर्च यांची चौकशी तुम्ही केलीच असेल. पण जन्मलेल्या बाळाला सांभाळणाऱ्या नर्सला ते काम कोणी आणि कसे शिकवले, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी फ्रान्समधील एका सुईणीने आपले आयुष्य याच प्रश्नासाठी वेचले.

आंजेलीक द्यू कुद्रे यांचा जन्म १७१२च्या सुमारास झाला. पॅरिसमध्ये सुईणीचे रीतसर शिक्षण घेऊन त्यांनी तिथेच काही वर्षे काम केले आणि नंतर त्या ओव्हेर्न्य या ग्रामीण भागात गेल्या. तिथे बाळंतपणे करणाऱ्या बायकांना कोणतेही शिक्षण मिळालेले नव्हते. बाळ अडले की ओढाताण होई आणि त्यात आई किंवा बाळ दगावत असे.

या बायकांना शिकवायचे कसे? बहुतेकींना वाचता येत नव्हते. मादाम कुद्रे यांनी कापड, चामडे आणि कापूस वापरून स्त्रीच्या कमरेच्या भागाची खऱ्या मापाची प्रतिकृती बनवली. सोबत कापडाचे बाळही होते. त्याचे तोंड उघडे असून आत बोट घालता येई. बाळ पायाळू असेल तर डोके अलगद कसे सोडवायचे, याचा सराव त्यावर करता येत असे. प्रत्येक विद्यार्थिनी स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा सराव करी. चूक झाली तरी कोणाचा जीव जात नसे.

१७५९ मध्ये त्यांचे प्रसूतीवरील पुस्तक निघाले. त्याच वर्षी राजा पंधरावा लुई याने त्यांना देशभर शिकवण्याचा अधिकार दिला. पुढे वीसहून अधिक वर्षे त्या गावोगाव फिरल्या आणि काही हजार स्त्रियांना त्यांनी शिकवले.

पण एकटी बाई किती ठिकाणी पुरणार? शिवाय त्या पुढच्या गावी गेल्यावर मागे काय? म्हणून त्यांनी शिक्षकही तयार केले. स्थानिक सर्जनना त्या प्रतिकृतीवर कसे शिकवायचे याचे प्रशिक्षण देत, म्हणजे त्यांच्यामागेही वर्ग चालू राहत. १७९४ मध्ये बोर्दो येथे त्यांचे निधन झाले. त्यांची एक प्रतिकृती आजही रूआँ येथील संग्रहालयात पाहायला मिळते.

याचा तुमच्याशी काय संबंध?

काही बाळे जन्मल्यावर लगेच श्वास घेत नाहीत. अशा वेळी पहिले मिनिट फार मोलाचे असते. बाळाला कोरडे करणे, ऊब देणे आणि गरज पडल्यास बॅग-मास्कने श्वास देणे, हे सारे न गोंधळता करावे लागते. ते नुसते वाचून जमत नाही, हाताला सवय लागते. म्हणूनच आजही नर्सना हे मॅनिकिनवर शिकवतात. त्यांना शिकवणाऱ्या शिक्षिकेचा हात तयार असेल, तर तिच्या प्रत्येक तुकडीतील नर्समुळे पुढे कितीतरी बाळे वाचू शकतात.

प्रसूतीसाठी नाव नोंदवताना एक प्रश्न जरूर विचारा: बाळ रडले नाही तर त्याला श्वास देण्याचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती रात्रीच्या पाळीतही हजर असते का? हे विचारताना संकोच करू नका. तो तुमच्या बाळाचा हक्क आहे.