बागलकोटचे मास्तर आणि माझं विवृत्त

इलिप्सला मराठीत विवृत्त म्हणतात हे माझ्यासारख्या कॉन्व्हेन्टवाल्याला फार उशिरा कळलं. एक्स वर्ग भागिले ए वर्ग वगैरे समीकरण मात्र बारावीपासून तोंडपाठ! पण दिवाळीत जुन्नरला गेलो तेव्हा आजीने पंचांग पुढे केलं आणि विचारलं, हे सगळं मोजतं कोण? माझी बोलतीच बंद. उत्तर शोधताना भेटले व्यंकटेश बापूजी केतकर.

जन्म १८५४. पेशा शाळामास्तर, मुक्काम बागलकोट (तेव्हा मुंबई इलाखा, आता कर्नाटक). त्या काळी आपल्याकडची बरीच पंचांगं गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ग्रहलाघवावरून होत. पंचांगातला ग्रह आकाशात त्या जागी सापडेना.

का? इथे आपलं विवृत्त येतं. सूर्य कक्षेच्या मध्यावर नसून एका नाभीवर असतो. त्यामुळे पृथ्वी जानेवारीत १४.७ कोटी किलोमीटरवर, तर जुलैत १५.२ कोटींवर. जवळ असताना ती जोरात पळते. ही तफावत आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होती, ते तिला मंदफल म्हणत. पण जुन्या सिद्धांतांत सूर्याचं मंदफल जास्तीत जास्त सुमारे २ अंश १० कला धरलेलं, नव्या गणिताने ते येतं १ अंश ५५ कला. फरक इवलासा, पण तेवढ्याने तिथी अर्धा तास सरकू शकते, आणि एकादशीचा दिवसही बदलू शकतो!

केतकरांनी युरोपातलं नवं गणित घेतलं आणि ज्योतिर्गणितम्, केतकी हे ग्रंथ चक्क संस्कृतात लिहिले. जुन्या परंपरेतल्या ज्योतिषांना त्यांच्याच भाषेत नवं विज्ञान मिळालं. परंपरा मोडायची नाही, दुरुस्त करायची, हे मला फार आवडलं.

१९११ साली त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडे ग्रह असल्याचं भाकीत केलं. अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट, फेरा २४२ वर्षांचा. फेब्रुवारी १९३० मध्ये प्लूटो सापडला. अंतर ३९.५ पट, फेरा २४८ वर्षं! त्याच ऑगस्टमध्ये केतकर गेले. प्लूटो फारच हलका निघाल्याने ही जुळणी आज योगायोगच मानली जाते. असो. मास्तरांचं मोठेपण प्लूटोवर अवलंबून नाहीच, ते पंचांगाच्या पानापानावर आहे.

पुढच्या सुट्टीत आजीला दोन खिळे, दोरा आणि खडू घेऊन विवृत्त काढून दाखवणार आहे. मार्क नाही मिळाले तरी चालतील.