डॉक्टर रॉबर्ट कॉख आणि डोळ्यांतील क्षयरोग

क्षयरोग म्हणजे छातीचा विकार, एवढेंच पुष्कळांस ठाऊक असतें. परंतु हा रोग डोळ्यांतहि शिरतो. त्याचे जंतु ज्यांनीं जगास दाखविले, त्या डॉक्टर रॉबर्ट कॉख यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजीं जर्मनींतील क्लाउस्थाल गांवीं झाला. १८६६ सालीं ते डॉक्टर झाले व पुढें एका लहान गांवीं सरकारी वैद्य म्हणून राहिले. तेथें घरींच सूक्ष्मदर्शक यंत्र मांडून त्यांनीं गुरांच्या काळपुळी रोगाच्या जंतूंचा अभ्यास केला, आणि १८७६ सालीं तो ब्रेस्लाउ येथील विद्वानांस दाखविला. त्यांपैकीं कोनहाइम यांनीं क्षयाच्या गांठीचा कण सशाच्या डोळ्यांत ठेवून, आंत नव्या गांठी उठतांना बाहेरून पाहिल्या. रोग एकापासून दुसऱ्यास जडतो हें यावरून दिसलें. पण जडतें तें काय, हें कोणासच दिसेना.

कॉख यांनीं विशेष रंग देऊन ते जंतु उघडकीस आणिले, रक्ताच्या गोठविलेल्या लशीवर वाढविले, आणि पुनः सशाच्या डोळ्यांत घालून तोच रोग उत्पन्न केला. २४ मार्च १८८२ रोजीं बर्लिन येथें त्यांनीं हा शोध जाहीर केला.

पुढें १८९० सालीं जंतूंच्या अर्कापासून केलेलें ट्युबरक्युलिन हें क्षयावरील औषध म्हणून त्यांनीं पुढें आणिलें. रोग्यांची रीघ लागली. पण गुण आला नाहीं, उलट कित्येकांस अपाय झाला. थोर पुरुषाचीहि ही घाई लोकांस महाग पडली. तरी तो पदार्थ वायां गेला नाहीं. तो त्वचेंत टोंचिला असतां सूज आली, तर शरीरांत संसर्ग झाला आहे असें समजतें. १८९७ सालीं प्लेगच्या पाहणीसाठीं कॉख मुंबईस आले होते. १९०५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें, व २७ मे १९१० रोजीं ते वारले.

डोळ्यांतील क्षयाचें निदान आजहि कठीण आहे. कारण आंतील द्रवांत जंतु क्वचितच सांपडतात. डोळा वारंवार लाल होणें, दुखणें, अंधुक दिसणें, हीं लक्षणें खोकला नसतांहि असूं शकतात. डॉक्टर डोळ्याचा आंतील भाग तपासतात, त्वचेची किंवा रक्ताची परीक्षा व छातीचा एक्स-रे करितात, आणि दुसरीं कारणें नाहींत अशी खात्री करून घेतात. केवळ सूज आली म्हणजे डोळ्याचा विकार क्षयाचाच, असें ठरत नाहीं.

उपचारास आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन इत्यादि अनेक औषधें एकत्र, निदान सहा महिने घ्यावीं लागतात. त्यांतील एथॅम्ब्युटॉलनें क्वचित् दृष्टीच्या मज्जातंतूस इजा होते. रंग फिके दिसूं लागल्यास तत्काळ डॉक्टरांस कळवावें. आराम वाटला म्हणून औषध मध्येंच सोडूं नये. कॉख यांनीं शत्रु दाखवून दिला. त्याचा पुरता बीमोड करणें रोग्याच्या धीरावर व घरच्या माणसांच्या काळजीवर अवलंबून आहे.