विश्लेषण : हिवाळी पाहुण्यांचा माग काढणारे सलीम अली

थंडीत मुंबई बंदरालगतच्या शिवडीच्या चिखलात रोहित पक्षी उतरतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील तलावांवरही चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे दिसू लागतात. हे पाहुणे येतात कुठून, याचा पुरावा गोळा करण्याचे मोठे काम भारतात डॉ. सलीम अली यांनी उभे केले. त्यांचा जन्मदिवस १२ नोव्हेंबर. राज्यातील पक्षी सप्ताहाची सांगता याच दिवशी होते.

पक्ष्यांची ओढ कशी लागली?

सलीम अली यांचा जन्म १८९६ मध्ये मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. दहाएक वर्षांचे असताना त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (बीएनएचएस) पाठवले. तिथे सचिव मिलार्ड यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि मुलाची वाट ठरली.

नोकरी गेल्यावर काय केले?

१९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याते झाले. पुढे बर्लिनला जाऊन त्यांनी पक्षीशास्त्राचे धडे घेतले. १९३० मध्ये परतले, तेव्हा निधीअभावी त्यांचे पद रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने दुसरी नोकरीही मिळेना. मग पत्नी तहमिना यांच्यासह ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीवर रोज नजर ठेवली. नर अर्धवट घरटे विणतो, मादी पसंत करते, मग तो दुसऱ्या घरट्याला आणि दुसऱ्या मादीच्या मागे लागतो, हे त्यांनी नोंदवले. या अभ्यासाने त्यांचे नाव झाले.

यवतमाळच्या शेजारी त्यांनी काय केले?

त्या काळी पैनगंगेच्या पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते. त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी त्यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला केली. अट एकच, पगार नको, फक्त खर्च द्या. मुक्काम हलवताना तहमिना सोबत असत. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले, तरी अली यांनी काम सोडले नाही. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले आणि सामान्य माणसाला चित्रावरून पक्षी ओळखता येऊ लागला.

पायातल्या कडीने काय कळले?

१९५७ मध्ये कर्नाटकात माकडतापाचा उद्रेक झाला. स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून हा रोग आला असावा का, अशी शंका होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने १९५९ पासून पक्ष्यांच्या पायात क्रमांक असलेल्या हलक्या कड्या घालायला सुरुवात केली. या मोहिमेचे नेतृत्व अली यांच्याकडे होते. भारतात कडी घातलेली बदके पुढे मध्य आशिया आणि सायबेरियात सापडली. हिवाळी पाहुण्यांच्या वाटा नकाशावर येऊ लागल्या.

आज त्याचे महत्त्व काय?

या लांबच्या प्रवासात पक्षी ठिकठिकाणी थांबतात. भरलेली खाडी किंवा आटवलेला तलाव म्हणजे एक थांबा कमी. म्हणूनच भरतपूरचे पाणथळ शेतीसाठी आटवण्याची मागणी झाली, तेव्हा अली ते वाचवण्यासाठी उभे राहिले. ते पुढे राष्ट्रीय उद्यान झाले. अली यांचे निधन १९८७ मध्ये झाले. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

कड्या घालण्याचे काम आजही सुरू आहे. तलावाकाठी कडी असलेला पक्षी दिसला, तर त्याला पकडू नये. शक्य असल्यास फोटो काढून क्रमांक, ठिकाण आणि तारीख बीएनएचएसला कळवावी.