अडतीस विरुद्ध तेरा

१९ फेब्रुवारी हा नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचा स्मृतिदिन. १९१५ साली या दिवशी पुण्यात त्यांनी देह ठेवला. त्यांना तेव्हा एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. रानड्यांचे शिष्य, टिळकांचे प्रतिपक्षी आणि गांधीजींनी ज्यांना राजकीय गुरू मानले ते गोखले, एवढे शाळेतला मुलगाही सांगेल. पण या माणसाने रोज उठून काम काय केले, असे विचारले तर आपल्यापैकी पुष्कळांना चटकन उत्तर सुचणार नाही. ते कायदेमंडळाचे सभासद होते. प्रश्न विचारणे, अंदाजपत्रकावर बोलणे, ठराव आणि विधेयके मांडणे व शेवटी मत देणे, हा त्यांचा उद्योग. त्या उद्योगातील सर्वांत मोठा सामना ते हरले, आणि त्या हरण्याशी आपल्या बडोद्याचा फार जवळचा संबंध आहे.

मी गाणे शिकवणारा माणूस. माझे वडील दरबारचे गवई. राजकारणावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, पण एका घरगुती हकिकतीमुळे मी गोखल्यांपर्यंत पोहोचलो. माझी पणजी अमरेली प्रांतात वाढली. तिचे वडील तेथे सरकारी कचेरीत साधे कारकून होते. मुलगी शाळेत गेली नाही तर दंड भरावा लागेल, या एकाच भीतीने त्यांनी तिला शाळेत घातले. ती आधी गुजराती शिकली, मराठी मागाहून. पुढे ती दुपारच्या वेळी आळीतल्या बायकांना पोथी वाचून दाखवी. वडील ही गोष्ट सांगत तेव्हा श्रीमंत सयाजीराव महाराजांना हात जोडून नमस्कार करीत. लहानपणी मला वाटे, साऱ्या हिंदुस्थानात असेच असेल. तसे नव्हते, हे मला गोखल्यांच्या चरित्राने शिकवले.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक गावी झाला. वडील कागलास नोकरीला होते. ते १८७९ साली वारले आणि घरावर आकाश कोसळले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली व त्यातले आठ रुपये ते दरमहा कोल्हापुरात शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवू लागले. शिक्षण ही किती महाग वस्तू आहे आणि ती कोणाच्या तोंडचा घास काढून मिळते, हे गोखल्यांना पुस्तकातून कळले नव्हते. १८८४ साली ते पदवीधर झाले. त्यांनी भरपूर पगाराच्या नोकरीचा मोह टाळला आणि पुण्यास शिक्षकी पत्करली. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी गणित, इंग्रजी आणि अर्थशास्त्र शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चालले. मास्तरकीचा हा संस्कार त्यांच्या भाषणांतून कधीच गेला नाही.

सार्वजनिक जीवनात त्यांना पहिला मोठा चटका बसला तो १८९७ साली. ते त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेत होते. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या गोऱ्या सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या बातम्या त्यांना पत्रांतून कळल्या आणि त्यांनी त्या तेथील वृत्तपत्रात जाहीर केल्या. परत आल्यावर पुरावा देण्याची वेळ आली, तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांची नावे उघड करता येईनात. गोखल्यांनी एकाही माणसाचे नाव घेतले नाही. सारा दोष आपल्याकडे घेऊन त्यांनी सरकारची बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली. पुष्कळांना ती माफी नामर्दपणाची वाटली. त्यानंतर ते प्लेगच्या निवारणकार्यात राबले, आणि हाती पुरावा नसलेला शब्द सभेत उच्चारायचा नाही हे पथ्य त्यांनी मरेपर्यंत पाळले. त्यांच्या भाषणांतील आकड्यांमागे ही जखम आहे.

१८९९ साली ते मुंबईच्या कायदेमंडळात गेले. १९०१ च्या ऑगस्टात, दुष्काळाने शेतकरी टेकीस आलेला असताना, सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना ती विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा हक्क कुळाला ठेवायचा नाही, असा तिचा रोख होता. विधेयक लांबणीवर टाकण्याची फिरोजशहा मेहतांची सूचना सरकारी मतांनी फेटाळली गेली, तेव्हा मेहता सभागृह सोडून गेले. त्यांच्यामागोमाग गोखलेही निघाले. आयुष्यभर सौम्य म्हणून ओळखला गेलेला माणूस शेतकऱ्याच्या जमिनीच्या प्रश्नावर उठून गेला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

त्याच वर्षी फिरोजशहांनी वरिष्ठ कायदेमंडळातील आपली जागा सोडली आणि तेथे गोखल्यांची निवड झाली. त्या काळची निवडणूक म्हणजे आजच्यासारखी नव्हे. मुंबईच्या कायदेमंडळातील मूठभर बिनसरकारी सभासद एका माणसाला निवडून कलकत्त्यास पाठवीत. कायद्याच्या हिशेबाने गोखल्यांचे मतदार एवढेच. पण त्यांनी आपले मतदार मानले ते मीठ विकत घेणाऱ्या, सारा भरणाऱ्या आणि ज्यांची मुले शाळेबाहेर होती अशा लोकांना. त्यांतल्या एकालाही मत देण्याचा हक्क नव्हता.

कलकत्त्याच्या त्या मंडळात सरकारी बहुमत पक्के असे. १९०९ च्या सुधारणांपूर्वी अंदाजपत्रकावर सभासदाने बोलावे, प्रश्न विचारावेत, पण त्यावर मत मागू नये, असा नियम होता. म्हणजे गवयाला बैठक द्यायची, पण दाद द्यायची नाही असे आधीच ठरवून टाकायचे! अशा ठिकाणी २६ मार्च १९०२ रोजी गोखल्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले, की दुष्काळ आणि प्लेगने रयत गांजलेली असताना तिजोरीत उरलेली शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरजेपेक्षा जास्त कर उकळल्याची खूण आहे. मिठावरील कर कमी करा, शिक्षणावर खर्च करा, ही मागणी त्यांनी पुढे वर्षानुवर्षे लावून धरली.

या भाषणांची तयारी कशी होई, ते ऐकले म्हणजे आम्हां रियाझवाल्यांनाही मान खाली घालावी लागते. सरकारी अहवाल येताच ते पानापानावर खुणा करीत. सरकारी शाळेत नोकरी करणारे गणेश व्यंकटेश जोशी हे आकडेशास्त्रातले मोठे जाणकार. त्यांना पत्रे लिहून गोखले मुद्दे तपासून घेत आणि ज्या जागा कच्च्या वाटत त्या पुन्हा घोटीत. भाषण जवळजवळ मुखोद्गत असे, पण ऐकणाऱ्याला पाठांतराचा वास येत नसे.

या बोलण्याचा उपयोग काय झाला? मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ साली दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. प्राप्तिकराच्या माफीची मर्यादा १९०३ साली पाचशेवरून हजार रुपयांवर गेली. हे सारे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण मत नसलेल्या सभेतही धीराने पुन:पुन्हा तीच सम गाठणाऱ्या माणसाचा त्यात वाटा नव्हता, असेही कोणी म्हणू नये. २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळात करारबंद मजूर पाठवणे थांबवावे असा ठराव त्यांनी मांडला, तो सरकारने मान्य केला, आणि १९११ च्या जुलैपासून ती भरती बंद झाली.

त्यांच्या मतांच्या वहीत सगळीच पाने उजळ नाहीत. गुप्त माहितीचा कायदा, विद्यापीठांचा कायदा, १९०७ चा सभाबंदीचा कायदा यांना त्यांनी विरोध केला. पण १९१० साली वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा आला, तेव्हा गोखल्यांनी त्याच्या विरुद्ध मत दिले नाही. राजकीय खुनांनी देश हादरला होता, सुधारणा नुकत्याच हाती आल्या होत्या, त्या परत जातील ही भीती होती, असे त्यांच्या बाजूने सांगता येते. तरीही त्या कायद्याच्या जामिनक्या पुढे कित्येक पत्रांच्या मानेवर बसल्या आणि तो १९२२ साली रद्द होईपर्यंत बसून राहिल्या. थोर माणसाचे चरित्र लिहिताना हे पान चिकटवून टाकणे मला बरे वाटत नाही. त्यांनी स्वतः १८९७ साली आपली चूक झाकली नव्हती.

आता त्या सामन्याकडे येतो. १६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. त्या साली खानेसुमारीत शंभर माणसांत जेमतेम सहा साक्षर निघाली होती. विधेयकाची मागणी किती माफक होती पाहा. साऱ्या देशावर सक्ती नको. ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला इच्छा असेल तिनेच, तीही तेथे आधीपासून ठराविक प्रमाणात मुले शाळेत जात असतील तर, आणि तीही सरकारची परवानगी घेऊन, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींची सक्ती पुढे यथावकाश. दरमहा दहा रुपयांहून कमी मिळवणाऱ्या बापाकडून फी घेऊ नये. खर्चाचा एक हिस्सा स्थानिक संस्थेने आणि दोन हिस्से सरकारने उचलावेत.

आणि येथेच बडोदे पुढे आले. अमरेलीत १८९३ साली महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो साऱ्या राज्याला लागू केला. मुलीही त्यात होत्या. गोखल्यांनी बडोद्याचा दाखला सभेपुढे ठेवला. विरोधकांचे म्हणणे असे, की संस्थानात राजा हुकूम करतो आणि प्रजा ऐकते, तो न्याय ब्रिटिश मुलखाला लागत नाही. गोखल्यांनी विचारले ते साधे होते: एक देशी राजा आपल्या मुलखात जे करू शकतो, ते एवढ्या मोठ्या सरकारला का जमू नये?

वर्षभर विधेयक अभिप्रायासाठी देशभर फिरले. गोखल्यांनी मधुमेहाने पोखरलेल्या शरीरानिशी त्याच्यासाठी गावोगाव सभा घेतल्या. १८ आणि १९ मार्च १९१२ रोजी कलकत्त्यास चर्चा झाली. मालवीय, जीना यांसारखे सभासद बाजूने उभे राहिले. शिक्षणखात्याचे सर हारकोर्ट बटलर विरुद्ध बोलले. विरोध करणाऱ्यांत आपलेही लोक होते. रयतेची पोरे शिकली तर शेतात कोण राबेल, ही काळजी साहेबापेक्षा काही जमीनदारांना अधिक होती. विधेयक चिकित्सा समितीकडे पाठवावे, एवढ्याच सूचनेवर मते घेतली गेली. बाजूने तेरा, विरुद्ध अडतीस. हे असेच होणार हे गोखल्यांना ठाऊक होते. तरी त्यांनी मतदान टाळले नाही. कोण कोठे उभा होता हे कायमचे लिहिले जावे, एवढाच त्यांचा आग्रह होता.

ते थांबले मात्र नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते दक्षिण आफ्रिकेत आपल्या लोकांची दैना पाहायला गेले. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. पुढल्या फेब्रुवारीत दिवा विझला.

१९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा करून घेतला. १९५० साली राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे मोफत शिक्षण दहा वर्षांत साधावे असे सांगितले. तो हक्क म्हणून घटनेत लिहिला गेला २००२ साली, आणि त्याचा कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. त्या कलकत्त्याच्या मतमोजणीनंतर अठ्ठ्याण्णव वर्षांनी.

आपण बडोदेकर महाराजांचे ऋणी आहोत आणि असावेच. माझी पणजी त्यांच्या हुकुमामुळे वाचू लागली. पण तिला जे मिळाले ते राजाच्या कृपेने मिळाले. राजा चांगला निघाला हे तिचे दैव. तिच्याच वयाची सातारा-सोलापूरकडची मुलगी अंगठा उठवीत म्हातारी झाली, कारण तिच्या वाट्याला असे दैव नव्हते. गोखले जे मागत होते ते दैवावर अवलंबून न राहणारे काहीतरी होते. ते मागण्याची जागा सभागृह आणि मागण्याचे साधन मत. त्या साधनाने ते पंचवीस मतांनी हरले. पणजीची जीर्ण पोथी अजून आमच्या देव्हाऱ्यात आहे. तिला हळदकुंकू वाहताना वडील महाराजांचे नाव घेत. मी आता त्या नावाबरोबर ती तेरा मतेही आठवतो.