बेडूकमाशांचा अभ्यासक नेल्सन अ‍ॅनंडेल

पावसाळ्यात कोकणातल्या ओल्या कातळावर पाण्याचा पातळ थर वाहत असतो. नीट पाहिले तर त्यात लांब शेपटीचे बेडूकमासे दगडाला चिकटून शेवाळ खरवडताना दिसतात. भारतातील अशा जीवांचा शिस्तीने अभ्यास करणाऱ्यांत नेल्सन अ‍ॅनंडेल यांचे नाव आघाडीवर आहे.

त्यांचा जन्म १८७६ मध्ये एडिंबरा येथे झाला. वडील शल्यचिकित्सेचे प्राध्यापक. मुलगा मात्र प्राणिशास्त्राकडे वळला. १९०४ मध्ये ते कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये रुजू झाले आणि १९०७ मध्ये तेथील प्रमुख झाले. बाटलीतल्या नमुन्याला नाव देऊन ते थांबत नसत. तो प्राणी कुठे राहतो, कसा जगतो, हेही पाहत.

तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना सह्याद्रीत गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. तिचे शास्त्रीय वर्णन अ‍ॅनंडेल यांनीच केले. पुढे १९१८ मध्ये बंगळूरचे सी. आर. नारायण राव यांच्यासह त्यांनी मैदानी प्रदेशातील बेडूकमाशांवर, तर १९१९ मध्ये मुंबई इलाख्यातील लहान ओढ्यांमधील बेडकांवर लेखन केले.

बेडूकमाशाच्या तोंडावरून त्याचे पाणी ओळखता येते. वाहत्या पऱ्यात राहणाऱ्या अनेक जातींत तोंड खालच्या बाजूला असते आणि खडकाला घट्ट धरते. शेवाळ पचायला वेळ लागतो, म्हणून आतडे लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असते. हवामानाचाही त्यावर परिणाम होतो. थंड पाण्यात वाढलेल्या पिल्लांचे आतडे तुलनेने लांब राहते, असे नंतरच्या काही प्रयोगांत आढळले.

बेडूक होताना हेच आतडे झपाट्याने आखडते आणि कीटक पचवणारे जठर तयार होते. त्या दिवसांत पिल्लू जवळपास उपाशी असते, शेपटीतल्या साठ्यावर तगते. पावसाने मध्येच दडी मारली आणि कातळ सुकला, तर अर्धवट घडलेला जीव तिथेच संपतो.

१९१६ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था सुरू झाली, तिचे पहिले संचालक अ‍ॅनंडेल होते. १९२४ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले. त्याच वर्षी १० एप्रिलला, अवघ्या ४७व्या वर्षी, कलकत्त्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी उभी केलेली संस्था आजही काम करते आहे. पावसाचे वेळापत्रक बिघडत असताना कातळावरच्या या पिल्लांकडे पाहण्याची गरज आता अधिकच आहे.