ताइताच्या आधी काय?

साधकहो, आपण गळ्यात, दारावर, गाडीत ताईत बांधतो. पण तो बांधण्यापूर्वी काय करतो? हा प्रश्न मनात ठेवून चीनमधील झांग दाओलिंग यांचे चरित्र पाहा.

हान राजवटीच्या उत्तरकाळात ते सिच्वानमधील हेमिंग पर्वतावर साधना करत. परंपरेनुसार इ.स. १४२ मध्ये त्यांना तेथे लाओत्झूंचे दर्शन घडले आणि त्यांच्यापासून ताओ पंथातील 'दिव्य गुरूंची' परंपरा सुरू झाली. अनुयायी पाच मापे तांदूळ अर्पण करत. त्यावरूनच या पंथाला नाव पडले.

ताओ परंपरेतील ताईत म्हणजे 'फू'. तो सहसा पिवळ्या कागदावर लाल हिंगुळाने लिहितात. या पंथात रुग्णाला फू जाळून त्याची राख मिसळलेले पाणी देत. मात्र त्याआधी रुग्णाने एकांतात बसून आपले दोष आठवायचे आणि कबूल करायचे. कबुलीच्या तीन प्रती लिहीत. आकाशासाठी एक पर्वतावर ठेवत, पृथ्वीसाठी एक पुरत आणि जलासाठी एक पाण्यात सोडत. झांग यांचे नातू झांग लू यांच्या काळात तर लहान अपराधाचे प्रायश्चित्त म्हणून शंभर पावले रस्ता दुरुस्त करावा लागे.

म्हणजे रक्षण मागण्याआधी अंतःकरणाची शुद्धी आणि चुकीची भरपाई!

आजारपणात औषध घ्याच, श्रद्धा असेल तर ताईतही बांधा. पण आज रात्री दहा मिनिटे शांत बसा. आपली एक चूक कागदावर लिहा. ज्याला दुखावले, त्याच्याकडे उद्या स्वतः जा.